पाणी कोठे टाळावे, कोठे ओतावे : ॲसिटाइल क्लोराइड हाताळणाऱ्यांसाठी

ॲसिटाइल क्लोराइडबरोबर येणाऱ्या सुरक्षा माहितीपत्रकात आगीच्या कलमाखाली "पाणी वापरू नये" असे छापलेले असते आणि प्रथमोपचाराच्या कलमाखाली "भरपूर पाण्याने धुवावे" असे. ही दोन्ही वाक्ये एकाच पानावर वाचणाऱ्या फोरमनच्या, भांडारपालाच्या किंवा नव्याने रुजू झालेल्या रसायनज्ञाच्या मनात जो गोंधळ उडतो, तो स्वाभाविक असला तरी प्रत्यक्ष अपघाताच्या वेळी महागात पडतो. रायपूरजवळच्या उरला औद्योगिक क्षेत्राची ओळख प्रामुख्याने पोलादाची आहे. जेथे शेजारच्या शेडमध्ये भट्टी पेटलेली असते, वेल्डिंगच्या ठिणग्या उडत असतात आणि आपत्तीत धावून येणाऱ्याचा हात सवयीने पाण्याच्या पाइपकडे जातो, अशा वस्तीत पाण्याशी तडकाफडकी अभिक्रिया करणारे रसायन ठेवायचे असेल, तर पाणी कोणत्या कामी वर्ज्य आहे आणि कोणत्या कामी अनिवार्य, हे आपण ड्रम उतरवून घेण्याआधीच पक्के करून ठेवावे.

निर्णयापुरते रसायनशास्त्र

ज्या संयुगात कार्बनला एका बाजूने ऑक्सिजन दुहेरी बंधाने आणि दुसऱ्या बाजूने क्लोरीन एकेरी बंधाने जोडलेला असतो, त्याला ॲसिल क्लोराइड किंवा आम्ल क्लोराइड म्हणतात. यातील क्लोरीन सहज सुटतो आणि त्याची जागा पाणी, अल्कोहोल किंवा अमाइन यांचा रेणू घेतो. औषधे, रंग आणि कीडनाशके यांच्या निर्मितीत ही संयुगे वापरली जातात ती याच गुणामुळे, आणि त्यांचा धोकाही याच गुणात आहे. घरच्या जलशुद्धीकरण यंत्रातील आरओ पटलाचा पातळ थर ट्रायमेसॉइल क्लोराइड व एक अमाइन यांच्या अभिक्रियेतून तयार होतो, तर भाताच्या शेतीत फवारले जाणारे ब्युटाक्लोर हे तणनाशक क्लोरोॲसिटाइल क्लोराइडपासून बनते, म्हणजे छत्तीसगडच्या धानाच्या बांधापर्यंत या कुळाचा संबंध पोचतो.

ॲसिटाइल क्लोराइड हा या कुळातील अगदी लहान रेणूंपैकी एक. १८५२ मध्ये शार्ल गेरहार्ट या फ्रेंच रसायनज्ञाने तो प्रथम तयार केला. तो रंगहीन, उग्र वासाचा द्रव असून सुमारे ५१ ते ५२ अंश सेल्सियसला उकळतो. त्याचा प्रज्वलनांक, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते तापमान, ५ अंशांच्या आसपास आहे. वाफ हवेपेक्षा अडीच पटींहून अधिक जड असल्याने ती जमिनीलगत सरकत जाऊन दूरच्या ठिणगीपर्यंत पोचू शकते. पाणी मिळताच त्याचे ॲसेटिक आम्ल आणि हायड्रोजन क्लोराइड वायू यांत रूपांतर होते व पुष्कळ उष्णता बाहेर पडते. एक किलो ॲसिटाइल क्लोराइडपासून जवळजवळ ४६५ ग्रॅम, म्हणजे नेहमीच्या तापमानाला ३१० लिटरांच्या घरात हायड्रोजन क्लोराइड वायू निघू शकतो. कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीने या वायूसाठी कामाच्या जागी जी कमाल मर्यादा घातली होती, ती दहा लाख भागांत ५ भाग एवढी होती. हे दोन आकडे शेजारी ठेवले की एक लिटरची बाटली फुटणे ही किरकोळ बाब का नव्हे, ते वेगळे सांगावे लागत नाही.

खरेदीपूर्वी : कोणते रसायन, आणि घ्यावेच का

ॲसिटाइल गट जोडण्यासाठी ॲसेटिक अनहायड्राइडचाही पर्याय असतो. तो सौम्य आहे, त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघत नाही आणि बहुतेक लहान कारखान्यांना तोच परवडण्यासारखा आहे. अडचण अशी की अमली पदार्थांच्या निर्मितीत दुरुपयोग होत असल्याने अंमली पदार्थविषयक कायद्याखालच्या २०१३ च्या नियंत्रित पदार्थ आदेशानुसार त्याच्या व्यवहारासाठी नार्कोटिक्स कंट्रोल ब्यूरोकडून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, नोंदवह्या ठेवाव्या लागतात आणि विवरणपत्रे भरावी लागतात. ही कटकट चुकविण्यासाठी ॲसिटाइल क्लोराइडकडे वळणे हा विचार वरकरणी व्यवहारी वाटतो, परंतु नोंदणीला लागतात ते कागद आणि काही दिवस, तर क्लोराइडला लागतात वायुशोषक स्क्रबर, काचेचे अस्तर असलेले पात्र, कोरड्या नायट्रोजनची सोय आणि प्रशिक्षित माणसे. उत्पादनाच्या रसायनशास्त्राला क्लोराइडच हवा असेल तरच तो घ्यावा; केवळ कागदपत्रांचा कंटाळा हे त्याचे कारण होऊ नये.

मागणी नोंदविताना आणि माल उतरविताना नावाची तपासणी विशेष काळजीने करावी, कारण हिंदी किंवा मराठीत लिहिलेल्या चिठ्ठीवर एका मात्रेचा फरक वेगळेच रसायन दारात आणून ठेवतो.

- ॲसिटाइल क्लोराइड : कॅस क्रमांक ७५-३६-५, संयुक्त राष्ट्रांचा वाहतूक क्रमांक १७१७. ज्वलनशील आणि शिवाय क्षरणकारी, म्हणजे त्वचा व धातू खाणारे.
- बेंझॉइल क्लोराइड : कॅस क्रमांक ९८-८८-४, वाहतूक क्रमांक १७३६. सुमारे १९७ अंशांना उकळते, डोळ्यांतून पाणी काढते. बेंझॉइल पेरॉक्साइडच्या निर्मितीत वापरतात.
- बेंझाइल क्लोराइड : कॅस क्रमांक १००-४४-७, वाहतूक क्रमांक १७३८. हे आम्ल क्लोराइड नव्हेच, पण नावामुळे वरच्याशी हमखास गल्लत होते.
- क्लोरोॲसिटाइल क्लोराइड : कॅस क्रमांक ७९-०४-९, वाहतूक क्रमांक १७५२. वाहतुकीच्या वर्गवारीत हे प्रथमतः विषारी पदार्थ म्हणून धरले जाते. ॲसिटाइल क्लोराइड हाताळण्याच्या अनुभवावर विसंबून याला हात घालू नये.

मागणीपत्र, पावती, ड्रमवरील चिठ्ठी आणि माहितीपत्रक या चारही ठिकाणी कॅस क्रमांक जुळल्याशिवाय गाडी रिकामी करू देऊ नये. घातक रसायनांची निर्मिती, साठवण व आयात यांविषयीच्या १९८९ च्या नियमांनी सुरक्षा माहितीपत्रक मिळविण्याची किंवा तयार करण्याची जबाबदारी अशा उद्योगाचा ताबा असणाऱ्या भोगवटादारावर टाकलेली आहे, म्हणून ते पुरवठादाराकडे मागण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

साठवण : मे महिना आणि जुलै महिना

रायपूर परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि पत्र्याच्या शेडखाली त्याहून वर. ५१ अंशांना उकळणारा द्रव अशा शेडमध्ये बंद ड्रमात ठेवणे म्हणजे तो उकळण्याच्या उंबरठ्यावर ठेवणे होय. साध्या २० अंशांनाही त्याचा वाफदाब वातावरणीय दाबाच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याएवढा असतो. उन्हात तापलेल्या ड्रमात तो झपाट्याने वाढतो, ड्रमचे तोंड फुगते आणि अशा ड्रमचे बूच फिरविणाऱ्याच्या तोंडावर वाफेचा झोत येतो. म्हणून साठा थंड, सावलीच्या व हवेशीर खोलीत ठेवावा, उन्हाळ्याच्या तोंडावर मोठी खरेदी टाळावी आणि ड्रम काठोकाठ भरून घेऊ नये, कारण तापल्यावर द्रव प्रसरण पावण्यास जागा लागते.

उन्हाळ्यात आणखी एक फसवणूक संभवते. या रसायनाची वाफ हवेतील दमटपणाशी मिळून पांढरा धूर करते आणि कामगार त्या धुरावरून गळती ओळखतात. परंतु मेच्या कोरड्या हवेत धूर कमी दिसतो, वाफ मात्र तेवढीच असते. धूर दिसत नाही म्हणून गळती नाही असा निष्कर्ष काढू नये. बुचाच्या आट्यांभोवती पांढरट कड धरलेली असणे, शेजारच्या लोखंडी मांडणीवर एकाच बाजूने ताजा तांबूस गंज चढलेला असणे, ओलसर केलेला निळा लिटमस कागद बुचाजवळ धरताच तांबडा होणे, या खुणा धुरापेक्षा अधिक भरवशाच्या आहेत.

पावसाळ्यात प्रश्न उलटा होतो. गळके छप्पर, जमिनीवरून शेडमध्ये शिरणारे पाणी, उघड्यावर ठेवलेल्या वाळूच्या बादल्या हे सारे जूनच्या आधी पाहून घ्यावे. साठवणीच्या खोलीतून पाण्याचा नळ जाऊ नये, खोलीची जमीन बाहेरच्या पातळीपेक्षा उंच असावी आणि गळलेला द्रव अडविणारा कठडा कोरडाच राहावा. अल्कोहोल, अमाइन, कॉस्टिक सोडा, अमोनिया आणि ऑक्सिडीकारक पदार्थ एकाच खोलीत ठेवू नयेत. अर्धवट वापरलेला ड्रम कोरड्या नायट्रोजनखाली बंद करावा. दमट हवा आत शिरली की आतल्या आत हायड्रोजन क्लोराइड तयार होऊन दाब वाढतो व लोखंडी भाग गंजतात.

ओतताना आणि मिसळताना

१. काम सुरू करण्यापूर्वी सर्व भांडी, नळ्या आणि पंप कोरडे असल्याची खात्री करावी. धुऊन नुसते निथळून ठेवलेले भांडे कोरडे नसते.

२. तापलेली बाटली उघडू नये. ती कोरड्या थंड पेटीत ठेवून आधी गार करावी. बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवणे धोक्याचे, कारण काच तडकली तर द्रव थेट पाण्यात जाईल. उघडण्यापूर्वी बाहेर जमलेले दव पुसून घ्यावे.

३. ड्रम आणि ज्यात ओतायचे ते धातूचे पात्र यांना अर्थिंग करावे, म्हणजे प्रवाहामुळे साठणारी स्थिर वीज जमिनीत जाईल. आसपास वेल्डिंग, ग्राइंडर, बिडी काहीही चालू नसावे.

४. गॉगलवर पूर्ण चेहरा झाकणारी ढाल, आम्लरोधक ॲप्रन आणि या रसायनासाठी तपासलेले हातमोजे वापरावेत. प्रयोगशाळेतील पातळ, एकदा वापरून टाकायचे नायट्राइलचे मोजे येथे भरवशाचे नाहीत. वाफेचा संभव असेल तेथे आम्लवायू आणि सेंद्रिय वाफ या दोन्हींसाठीच्या डबीचा पूर्ण चेहऱ्याचा मुखवटा लागतो. तोंडाला बांधलेला गमछा कोणतेही संरक्षण देत नाही.

५. क्लोराइड नेहमी थोडाथोडा, ढवळत व थंड करत मिश्रणात सोडावा; एकदम ओतू नये. ढवळणी बंद पडली तर प्रथम क्लोराइडचा पुरवठा थांबवावा, आणि साठून राहिलेला माल तसाच असताना ढवळणी अचानक सुरू करू नये.

पाचव्या सूचनेकडे बेंझॉइल क्लोराइड वापरणाऱ्यांनी अधिक लक्ष द्यावे. तो थंड पाण्याशी सावकाश अभिक्रिया करतो, पाण्यापेक्षा जड असल्याने तळाशी बसतो आणि वरून सारे शांत दिसते. ही शांतता पाहून लोक त्याला गरीब स्वभावाचा समजतात. पुढे पात्र तापले किंवा ढवळणी फिरली की तळाशी बसलेला सगळा माल एकाच वेळी अभिक्रियेत उतरतो.

आणखी एक चूक आराखड्यातच दडलेली असते. अभिक्रियेतून निघणारा हायड्रोजन क्लोराइड पाण्यात इतक्या वेगाने विरघळतो की वायूचा पुरवठा मंदावताच नळीत पोकळी निर्माण होऊन स्क्रबरमधील पाणी उलटे पात्राकडे ओढले जाते, आणि पात्रात तेव्हा नेमका क्लोराइड असतो. म्हणून पात्र व स्क्रबर यांच्या मध्ये, उलटे आलेले सगळे पाणी मावेल एवढे रिकामे भांडे बसवावे. हे भांडे स्वस्त असते, आणि जागा वाचविण्याच्या नावाखाली सर्वांत आधी तेच काढले जाते.

अंगावर, डोळ्यांत किंवा श्वासात गेल्यास

आरंभीच्या गोंधळाचे उत्तर येथे आहे. शरीरावर सांडलेल्या रसायनासाठी भरपूर पाणी हाच उपाय आहे. थोड्या पाण्याने उष्णता आणि आम्ल दोन्ही तेथेच राहतात, तर मोठ्या प्रवाहाने दोन्ही वाहून जातात; त्वचेवर स्वतःचा ओलावा आणि घाम असतोच, त्यामुळे पाणी न घातल्याने अभिक्रिया टळत नाही.

- त्वचेवर : दिसणारा जास्तीचा द्रव हाताशी असलेल्या कोरड्या फडक्याने एका झटक्यात टिपता आला तर टिपावा, पण फडके शोधत बसू नये. भिजलेले कपडे आणि बूट पाण्याखालीच उतरवावेत आणि किमान १५ ते २० मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावे. त्वचेवर खाण्याचा सोडा किंवा चुना चोळू नये. आम्ल निष्प्रभ करण्याच्या या प्रयत्नात उष्णता वाढते व वेळ जातो.
- डोळ्यांत : पापण्या बोटांनी उघड्या धरून तत्काळ, सलग, निदान २० मिनिटे धुवावे, लेन्स सहज निघत असेल तर काढावी. डॉक्टरांना दाखविणे अनिवार्य आहे, जळजळ थांबली तरीही.
- श्वासात : रुग्णाला मोकळ्या हवेत न्यावे, बसते किंवा अर्धवट बसते ठेवावे. फुप्फुसात पाणी साठण्याचा त्रास काही तासांनी उद्भवू शकतो, म्हणून बरे वाटते असे म्हणणाऱ्या कामगाराला त्या रात्री घरी पाठवू नये. रुग्णालयात निरीक्षणाखाली ठेवावे.
- पोटात : शुद्धीवर असल्यास तोंड धुवावे. उलटी करवू नये.

आपत्कालीन शॉवर आणि नेत्रप्रक्षालक कामाच्या जागेपासून दहा सेकंदांच्या वाटेवर हवेत, आणि त्यांची टाकी मेमध्ये पत्र्यावर तापत असेल तर ते पाणी अंगावर घेणे अशक्य होते, ही गोष्ट बहुधा कोणी तपासत नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि इतर तातडीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. रुग्णाबरोबर माहितीपत्रकाची प्रत द्यावी; टाटीबंध येथील एम्ससारख्या मोठ्या रुग्णालयातही डॉक्टरांना पदार्थाचे नेमके नाव कळले तर उपचार लवकर सुरू होतात.

गळती आणि आग

येथे पाणी वर्ज्य. सांडलेल्या द्रवावर कोरडी वाळू किंवा व्हर्मिक्युलाइट टाकावे. लाकडाचा भुसा टाकू नये. तो जळतो आणि त्यात ओलावाही असतो. उघड्यावरच्या बादलीतील वाळू पावसानंतर ओली असते, म्हणून वाळू झाकणाच्या डब्यातच ठेवावी. गोळा केलेली वाळू भरलेला डबा घट्ट बंद करू नये, आत वायू निघत राहतो.

आगीसाठी कोरडी रासायनिक पूड किंवा कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक वापरावे. फेसाच्या अग्निशामकातही मुख्यतः पाणीच असते, हे ध्यानात ठेवावे. न फुटलेले ड्रम थंड ठेवण्यासाठी दूरवरून पाण्याचा फवारा मारता येतो, पण ते पाणी ड्रमच्या आत किंवा सांडलेल्या द्रवात जाऊ देऊ नये, आणि तो निर्णय प्रशिक्षित अग्निशमन दलाने घ्यावा. जळताना हायड्रोजन क्लोराइडबरोबर फॉस्जीनसारखा अत्यंत विषारी वायूही तयार होऊ शकतो. स्वतंत्र हवापुरवठ्याच्या मुखवट्याशिवाय कोणीही आत जाऊ नये, बाकीच्यांनी वाऱ्याच्या वरच्या दिशेला जावे. कोणत्या खोलीत पाणी मारू नये हे अग्निशमन केंद्राला आधी लेखी कळवून ठेवावे, आणि शेडच्या दारावर तशी पाटी हिंदीत, मोठ्या अक्षरांत, चित्रखुणेसह लावावी.

उरलेला माल आणि रिकामे ड्रम

प्रयोगशाळेतील थोडा उरलेला माल निष्प्रभ करायचा असेल तर धूरकक्षात, थंड व सौम्य कॉस्टिक द्रावणात क्लोराइड थेंबथेंब सोडावा. क्रम उलटा करू नये. एका किलोला सुमारे एक किलो कॉस्टिक सोडा लागतो, यावरूनच हे काम ग्रॅमांच्या पातळीवर का ठेवावे ते कळेल. मोठा साठा पुरवठादाराला परत द्यावा किंवा अधिकृत विल्हेवाट केंद्राकडे पाठवावा.

उरला औद्योगिक क्षेत्रातील खरा धोका रिकाम्या ड्रमचा आहे, कारण भंगार ही येथील भट्ट्यांची रोजची गरज आहे आणि ड्रमला हातोहात गिऱ्हाईक मिळते. तळाशी राहिलेल्या थोड्या द्रवाची वाफ आणि हवा यांचे मिश्रण गॅस कटरच्या ज्योतीने स्फोट घडवू शकते. बूच लावलेला ड्रम भट्टीत गेला तर तो फुटतो आणि वितळलेला धातू उडवतो. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार रसायनाने दूषित झालेली रिकामी पिंपे स्वतःच घातक कचरा ठरतात; ती अधिकृत हाताळणाऱ्याकडेच, वाहतुकीच्या पावतीसह द्यावीत आणि आवारात सामान्यतः ९० दिवसांपेक्षा अधिक साठवू नयेत. त्यासाठी छत्तीसगड पर्यावरण संरक्षण मंडळाकडून प्राधिकारपत्र लागते. भंगारवाल्याने दिलेले चार पैसे या जबाबदारीतून कोणालाही मोकळे करीत नाहीत.

कामगाराचे हक्क

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरले, तेव्हा रायपूरही त्याच मध्य प्रदेशात होते. त्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांविषयीचे स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले आणि कामगाराला माहितीचा, प्रशिक्षणाचा व धोक्याची सूचना देण्याचा हक्क कायद्याने मिळाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० हिने घेतली आहे. तिच्याखालीही आपण पुढील गोष्टी मागू शकता :

- आपण हाताळता त्या पदार्थाच्या धोक्यांची माहिती. ती आपल्याला समजणाऱ्या भाषेत समजावून मागावी.
- संरक्षक साधने मालकाच्या खर्चाने. त्यांचे पैसे पगारातून कापून घेता येत नाहीत.
- जिवाला किंवा आरोग्याला तातडीचा धोका वाटल्यास तो मालकाच्या आणि त्याच वेळी निरीक्षकाच्या निदर्शनास आणण्याची मुभा.

विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी कामगारसंख्येची किमान मर्यादा नव्या संहितेत १० वरून २० वर गेली आहे, म्हणून बारा माणसांच्या शेडला कारखान्यांसाठीच्या खास तरतुदी आपोआप लागू होतात असे धरून चालू नये. तरीही १० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत मालकाची मूलभूत कर्तव्ये कायम आहेत आणि घातक रसायनांचे १९८९ चे नियम कामगारांच्या संख्येवर अवलंबून नाहीत. कंत्राटी कामगारांनी आपली हजेरी त्या दिवशी कोणाच्या नावावर लागली हे पाहून घ्यावे आणि कर्मचारी राज्य विमा योजनेतील आपला क्रमांक मागून ठेवावा; कामावर झालेल्या दुखापतीत तात्पुरत्या असमर्थतेच्या काळात या योजनेतून वेतनाच्या सुमारे ९० टक्के दराने लाभ मिळतो, आणि त्यासाठी अपघाताची नोंद त्याच दिवशी कारखान्याच्या अपघात नोंदवहीत झालेली असावी. नोंद करण्यास टाळाटाळ होत असेल तर रुग्णालयाच्या कागदावर घटनेची वेळ, जागा आणि रसायनाचे नाव डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.